ठिणगीच्या आधी

मकरपुऱ्यात, शेड नंबर चौदा. जानेवारी.
हवेत ओल एकतीस टक्के,
स्वेटर काढला तरी चटचट.
पांचाल तिसऱ्यांदा आलेत, सलाईनचा पंप
टॉवेलात गुंडाळून,
तान्ह्याला दवाखान्यात आणतात तसा.
"बेन, आ वखते पास थशे ने?"
बघू या, म्हणते मी.

आठ किलोव्होल्ट.
बंदूकच म्हणतात हिला, परवाना लागत नाही.
टोक टेकवायचं, घोडा दाबायचा,
ठिणगी पडली तरी पंप चालत राहायला हवा.
नाही राहत. थेंबांचा आकडा
बेचाळीसवर थिजतो.
दोनदा लिहिलंय मी : नापास.
माझं अक्षर चांगलं आहे.

आज मनगट अवघडलं म्हणून टोक मागे घेतलं,
चार बोटं, आणि घोडा दाबला गेला चुकून.
ठिणगी पडलीच नाही.
पंप थिजला.

मग मुद्दाम, भिंतीकडे तोंड करून.
बंदुकीच्या पोटात रिले टक्कन मिटला
आणि पंप थिजला.
तारेचं कडं वळवून स्कोपला जोडलं :
हिरव्या रेघेवर, ठिणगीच्याही आधी,
केसांत अडकलेल्या च्युइंगमसारखा
एक गुंता.
माझ्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

काल रात्री इराची गणिताची वही
मी नुसती उचलली होती.
एक शब्द काढला नव्हता अजून,
आणि तिचा घास तोंडाशी तसाच.

दळवीसाहेब म्हणतात, प्रमाणपत्र आहे ना बंदुकीचं,
ऑगस्टपर्यंत चालतंय,
कशाला उकरायचं.
मी कपाट उघडते. चार वर्षांची रजिस्टरं,
निळ्या शाईत सत्तावीस वेळा तोच शब्द,
सगळे काने सरळ.
वाघोडियाचा एक वजनकाटेवाला होता, मोहिते,
दुसऱ्या नापासाला हसून म्हणाला होता,
"ताई, तुमचा काटा तरी बरोबर आहे ना?"
त्याचा नंबर लावते.
हा क्रमांक अस्तित्वात नाही, म्हणते एक बाई,
आधी गुजरातीत, मग हिंदीत.

पांचाल दारात, हातात दोन कटिंग.
"शुं खोट छे, बेन, मारा पंपमां?"
मी बंदुकीचा प्लग ओढते.
पंप बंद करून पुन्हा चालू करते.
तो शून्यापासून मोजू लागतो,
आणि चहावर साय धरेपर्यंत
आम्ही दोघं
काही न बोलता आकडे बघत राहतो.