पान एकशे बारा

शिवलीला, तुझी कादंबरी पोचली.
पिवळा कागद, वर सुतळी, आत कन्नड.
म्हणजे मला दोन महिने.
दुकान बंद झाल्यावर मशीनच्या दिव्याखाली
अक्षर अक्षर उसवत वाचतो,
शेजारी मुलीचं तिसरीचं पुस्तक.
अडलं की कापडाच्या खडूनं खूण करतो.
तुझी पानं आता निळी झालीत.

चौघेही आहेत आत. नावं तेवढी बदललीस.
मिंगेलची शीळ तशीच,
भरमाची वळणावरची उलटी तशीच,
मिंगेलच्या मामाची ओम्नी, जिचं मागचं दार
दोरीनं बांधायला लागायचं.
गाडी चालवणारा मी. माझं नाव तू चेन्नवीर ठेवलंस.
आरशात बघितलं. शोभत नाही.

साखळीहून परत, चोर्ल्याचा घाट चढून,
कणकुंबी मागं टाकून, पहाटे पाचच्या सुमाराला
जांबोटीच्या अलीकडं ते वळण.
सायकल. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन.
तू लिहिलंयस: आधी पत्रा वाजला, मग दूध.
ह्या ओळीपाशी मी तीन रात्री बसलो.
दुधाला आवाज असतो
हे तुझ्याही कानात राहिलंय तर.
मी अठरा वर्षं सांगत आलो, काही ऐकू आलं नाही,
काच वर होती.

मग पान एकशे बारा.
चेन्नवीर गाडी थांबवतो. मागं घेतो.
चिखलात गुडघे टेकून त्या माणसाचं डोकं
मांडीवर घेतो.
मागच्या सीटवरची पोरगी मात्र गप्प.
तिच्या त्या गप्प बसण्यावर
तू पुढचं अख्खं प्रकरण घालवलंस.

खोटं, शिवलीला.
तू ओरडलीस. 'निल्सु!'
दोनदा. दुसऱ्यांदा माझी कॉलर धरून.
आणि मी म्हणालो,
'मला कन्नड येत न्हाई.'

माझं कन्नड बाजारापुरतं, मान्य.
एष्टु, साकु, चिल्लर इल्ला.
पण शहापूरच्या कुठल्या पोराला
'निल्सु' कळत नाही?
त्या पहाटे एक भाषा मी मुद्दाम विसरलो,
पिरनवाडीच्या चहापर्यंत.

तिथं भरमा म्हणाला, हद्द कुणाची ओ ती,
गोव्याची की आपली?
मिंगेल म्हणाला, गाडी मामाची.
कुणीतरी बिस्किटं मागवली. मीच असेन.
तुझ्या चहावर साय धरली,
तू कप उचलला नाहीस.

हे कुठंच लिहिलं नाहीस.
मला वाचवलंस काय?
की पुस्तकात तरी एकदा
ती गाडी थांबावी म्हणून?
मी शिंपी आहे, मला मापं कळतात.
हा सदरा माझ्या अंगाचा.
तू घालून फिरतेस, खांदे उतरलेत,
बाह्या लोंबतात. काढ तो.

काल पहिली बस धरली.
कंडक्टर म्हणाला, 'एल्लिगे?'
जांबोटी, म्हणालो. ओंदु.
डेअरीपुढं अजून अंधारच होता,
सायकली दोनच, बाकी मोटारसायकली.
आठ दिवस पाठ केलेलं कन्नड वाक्य
मी उभ्या उभ्या म्हटलं. नीट म्हटलं.
एकानं कॅन खाली ठेवला
आणि मराठीत विचारलं,
'कुणाला हुडकताय?'

नाव मला माहीत नव्हतं.
साल सांगितलं.
वळण सांगितलं.
गाडीचा रंग सांगताना घसा बसला.

कुणी काही बोललं नाही.
मग त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं
कॅनचं झाकण दाबून बसवलं,
हात धोतराला पुसले,
कट्ट्यावरची जागा झाडली
आणि म्हणाला, 'बसा.'