वजा जाता

आपला आक्षेप मिळाला, मन्मथअप्पा.
पाच पानी, वकिलाच्या लेटरहेडवर,
माझं नाव चुकवून: नागनाथ पांचाळच्या जागी नामदेव.
ते असू द्या.
दिवाळखोरीच्या कागदात माणूस थोडा इकडंतिकडं होतोच.

तुम्ही म्हणता, असं काही देणं नव्हतंच.

तर रोल नंबर चार.
वैशाखातला. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं,
एमआयडीसीचे नळ घुं घुं करून हवा ओकायचे,
आणि एमरीचा मसाला कालवायला
मी घरातली प्यायची घागर उचलून आणली.
बायको दारात उभी होती, बोलली नाही.
त्या घागरीचं बिल लावलेलं नाही.
पान दोन तपासून बघावं.

"कोटिंग निघालं, सबब काम निकृष्ट."
निघालं. खरं आहे.
सात दिवस वाळू द्या म्हणून खडूनं रोलवरच लिहिलं होतं,
तुम्ही तिसऱ्या रात्री चढवला.
तूर तेजीत होती, ट्रका गेटवर उभ्या,
तुमच्या जागी मीही चढवला असता कदाचित.
पण ओल्या रोलवर दाणा जे करायचं ते करतो,
त्याला निकृष्ट म्हणू नये.
घाई म्हणा.

"दावा मुदतीबाहेर."
दर पाडव्याला वहीपूजनाला बोलावून
तुम्ही पाचशे एक हातावर ठेवायचे,
एक पेढा, आणि बिलाच्या पाठीवर शिसपेन्सिलनं
"खात्यावर जमा, म. खा."
पाच पाडवे. पाचही बिलांच्या पाठी जोडल्या आहेत.
पुसट झालंय,
उजेडाला तिरपं धरलं की वाचता येतं.

आता माझ्याकडचं.
आठ पोती चुणी म्हशीसाठी नेली होती, ती आधीच वजा आहे.
बिल एकशे बारा आणि एकशे सव्वीस
एकाच शाफ्टचं निघालं.
पोरानं दोनदा फाडलं; माझ्या ध्यानात
तुमचा आक्षेप वाचताना आलं.
अकरा हजार दोनशे. कमी करा.
तुमच्या वकिलाला ते सापडलं नव्हतं,
मलाच सापडलं, रात्री दोनला,
आणि खरं सांगतो, आधी मी पान उलटून
झोपायला गेलो होतो.

वजा जाता तीन लाख बेचाळीस हजार सहाशे.
लोक सांगतात, बँकेचं भागल्यावर
आमच्यासारख्यांना रुपयामागं तीन पैसे पडतील.
पडोत. एवढ्यात म्हशीची शेपटी येते.
पण यादीत माझ्या नावापुढं
"अमान्य" लिहू नका, अप्पा.
सव्वीस वर्षं कुंपणाच्या अलीकडून
नुसत्या आवाजावर सांगायचो तुम्हाला
कुठला रोल झिजलाय.
फोन करायचो, तुम्ही म्हणायचे, "आताच बंद करतो."
मिल थांबली त्या दुपारी
पहिल्यांदा कळलं, माझ्या वर्कशॉपात
भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं.

शेवटचं एक. कायद्यात हे कुठं बसतं ठाऊक नाही.
सात नंबरचा रोल माझ्याकडंच आहे.
कोटिंग झालंय. सात नाही, चारशे दिवस वाळलाय.
मालमत्तेच्या यादीत तो दिसत नाही.
तुम्ही विसरलात,
का मला म्हणून ठेवून दिलात,
विचारणार नाही.
भंगारातसुद्धा पंचवीस हजार कुठं गेले नाहीत.
पण तुमचा आहे, म्हणून लिहून देतो.
न्यायला याल तर चार माणसं आणा, जड आहे.
टेम्पोचं भाडं
तुमच्याकडं.