धूर खंय जाता

सर्जेकोटच्या धक्क्यामागे नाना मेथराची शेड.
पत्रा, ग्रीस, पोट उघडून ठेवलेली इंजिनं,
एका डब्यात नुसते वायसर.
बांबोळीहून परतल्यापासून
त्याला जड पाना उचलायला बंदी आहे,
म्हणून तो आधी दाराकडे बघतो
आणि मग उचलतो.

एका नळीत जाळी बसवली. दुसरी नव्वद टक्के बंद,
तिचे पुढचे फाटे इतके बारीक
की डॉक्टरांची तार तिथवर पोचत नाही.
"ओहोटीक होडी रुतता," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो,
"तसा माझा रगात."

मी यामिनी, पुण्याहून सुट्टीला आलेली भाची.
घरात सगळ्यांना वाटतं मी गोळ्या बनवते.
तीन वर्षं मीही ते खोडलं नाही.

"कण आहेत, नाना. इतके लहान
की लाटेच्या फेसातला एक बुडबुडा
त्यांच्यापुढे बेट.
एका अंगाला प्लॅटिनमचा लेप. तेवढ्याच अंगाला
रसायन फुटतं, आणि कण उलट्या दिशेला सरकतो.
ढकलायला कोणी लागत नाही."

त्याने पाना खाली ठेवला.
माझं शिक्षण पहिल्यांदाच
त्याच्या धंद्यात आलं होतं.

"डिझेल?"
"सुजलेल्या जागी जे जहाल साचतं ना, तेच."
"म्हणजे घाण जाळूनच चालतंत?"
"हो."
"आणि धूर? धूर खंय जाता?"

दोन मार्गदर्शक, तीन परिषदा,
टेबलाचा पाय टेकवता येईल एवढा प्रबंध,
पण हे मला कुणी असं विचारलं नव्हतं.
पाणी होतं, मी म्हणाले. थोडा प्राणवायू.
तो हसला नाही.
समोरच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाकडे
नापास मुलाकडे बघावं तसं बघत राहिला.

मग एकेक काढत गेला.
सुकाणू कोणाकडे?
चुंबकाकडे, मी म्हणाले, नाहीतर वासावर जातात.
खडकार आपटलो तर?
बघतोय.
आणि काम झाल्यार बंदराक कोण हाडता तेंका?
मी खाडीकडे बघितलं. एक पाणकावळा
पंख उघडे टाकून डोलकाठीवर वाळत होता.

"कोणाच्या आंगात घातलंस?"
"उंदरांच्या."
"जगले?"
"बरेचसे."

तेव्हा मात्र हसला, छातीवर तळवा दाबून.
"बोट पाण्यात उतराक नाय अजून,
आणि तू माका वाटो देतंस!"

बांबोळीने एक सीडी दिली आहे,
तिच्यात त्याचं हृदय चालताना दिसतं म्हणे.
लावायला घरात काही नाही.
मामीने ती चिकूला टांगली, वानरांसाठी.
वारा आला की त्याच्या बंद नळ्यांवरून
ऊन भिंतीवर, विहिरीवर, कोंबड्यांवर फिरतं.
वानरं दोन दिवस बिचकली.
आता तिच्याखालीच बसून चिकू खातात.

पुण्यात रात्री उशिरा फोन वाजतो.
ख्यालीखुशाली नाही, काही नाही.
"ता परत हाडूचा काय झाला?"
"अजून नाही, नाना. गोळी घेतलीस?"
तिकडे काहीतरी जड
लादीवर पडल्याचा आवाज येतो.