झडती

दादा छापखान्यात होते.
नाशिकरोडला एवढं म्हटलं की पुरतं,
कुठला छापखाना हे कुणी विचारत नाही.
सकाळचा भोंगा, जेलरोडवरून सायकलींची रांग,
संध्याकाळी फाटकाशी झडती.
हात वर. चपला काढा. डबा उघडा.
एकतीस वर्षं दादा झाकण उघडून दाखवत राहिले
आत अर्धी भाकर, कधी नुसते मिरचीचे देठ.
कोट्यवधी हाताखालून गेले
आणि घरी आली नखांतली शाई,
आई वजरीनं घासायची,
जायची नाही.

मी बसते द्वारकेजवळ, तिसऱ्या मजल्यावर.
दाराला पाटी : आभासी चलन नियमन कक्ष.
खाली कुणीतरी पेनानं लिहून ठेवलंय, भूत खातं.
मी ते पुसायला सांगितलेलं नाही.
व्याख्या दिल्लीहून यायची आहे,
तोवर फायलीत आम्ही तिला ‘सदर बाब’ म्हणतो.
सदर बाब चलन नव्हे.
सदर बाब सोनं नव्हे.
सदर बाबीवर कर मात्र आहे.
दादांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले.
म्हणाले, हाताला लागत नाही, कडकड वाजत नाही,
मग फाटल्यावर बदलून कुठं देता?

गुरुवारी शेवंताबाई निमसे आल्या, सातपूरहून.
नवरा अंबडला लेथवर.
रात्रपाळीत मोबाइलवर थोडंथोडं काहीतरी घ्यायचा,
दोनशेचं, पाचशेचं,
चहाच्या सुट्टीत.
आषाढात गेला, पाळीवरच.
पिठाच्या डब्यामागे हा कागद सापडला.
बारा शब्द, इंग्रजी. मुलानं खाली मराठीत लिहून दिलेले.
त्या वाचू लागल्या, बोट ठेवून, पोथी वाचावी तशा :
रिव्हर. सॉल्ट. लॅडर. ऑर्फन.
बाई, मोठ्यानं वाचू नका, हे माझ्या तोंडाशी येईतो
दहावा शब्द होऊन गेला होता.
पुढे कागदच नव्हता. कसर लागलेली.
दोन शब्दांची कसर.

“फाटकी नोट बँक घेते ना मॅडम?
नंबर दिसला की झालं.
इथं तर दहा दिसतायत.”

कंत्राटी सिद्धेशनं पडद्यावरून मान वर केली.
दोनच ना? यादी ठरलेली असते. एक रात्र द्या मला.
ती एक रात्र
मी त्याच्या डोळ्यांत पाहिली.
नागरिकाचे गुप्त शब्द अधिकाऱ्याने
पाहू नयेत, ऐकू नयेत, नोंदवू नयेत.
मसुद्याचा परिच्छेद चौथा. मीच घातलाय,
फार छान वाटलं होतं लिहिताना.

विचारलं, मुलगा कितवीला?
बारावीला.
कॉम्प्युटर?
शेजारच्यांचा, जुना.
मग कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर
कुठली यादी, कसं जुळवायचं,
आधी इंटरनेट बंद करायचं, हे लिहून दिलं.
शिक्का नाही, सही नाही, जावक क्रमांक नाही.
आणि हा कागद आता कुणाला दाखवायचा नाही,
मलासुद्धा नाही.
त्या हसल्या. तुम्ही तर ऐकलंत की, म्हणाल्या,
आणि पर्स पदराखाली घेऊन जिना उतरल्या.

सहाला मी निघाले.
फाटकावरच्या शिपायानं सलाम ठोकला.
डोक्यात दहा शब्द, ओळीनं, एकही न गळता,
आणि कुणी म्हणालं नाही, हात वर.
उड्डाणपुलाखाली रिक्षा अडकली तेव्हा
मी आकड्यांची उजळणी केली, पाढे म्हटले, स्तोत्र म्हटलं.
मधेच लॅडर.
मधेच सॉल्ट.

घरी दादा ओट्यावर बसलेले.
का कोण जाणे, त्यांच्यापुढे डबा उघडून धरला.
त्यांनी आत पाहिलं,
बोटानं कड चाचपली,
झाकण लावलं.
“जा,” म्हणाले.

मी अजून उंबऱ्यातच.