वीस लिटर

नाना पेठेत दुपारी तीनला
दुकानदारानं मला नाही, मुलाला विचारलं,
"गाडी कुठली?"
ओम्नी, मी म्हटलं. मागची सीट काढलेली.
एकशे चाळीस डबे, कर्वेनगर ते बावधन, दोन फेऱ्या.
"आणि साहेब?"
साहेबांचं यात काही नाही.

भिंतीवर वर्तुळं टांगलेली. आठ, दहा, बारा, पंधरा,
माझ्याकडे पराती असतात तशीच, उतरत्या क्रमानं.
चिन्मय पंधराकडे टक लावून.
मुलगी पसंत पडल्यावर पत्रिका कोण बघतं, तसं.
"पंधराला पेटीच एवढी लागेल," दुकानदार म्हणाला,
"डबे मग टपावर बांधा."
आठ इंची? "ऐकू येईल हो. पाठीला कळणार नाही."

मग पेटीची गोष्ट निघाली.
सीलबंद पेटीत हवा कोंडलेली,
तीच कोनाला मागे ओढते,
ठोका जिथे संपायचा तिथेच संपतो.
पोर्टवालीला नळी. तेवढ्याच वॅटमध्ये गडगडाट जास्त,
पण ठोक्याला शेपूट राहतं.
म्हणजे, मी म्हटलं, एक शिट्टीचा कुकर
आणि एक पातेलं, झाकणाला कणीक लावून दम दिलेलं.

तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

झुंबर पांचाळांचं काम टिंबर मार्केटच्या मागल्या गल्लीत.
कानावर पेन्सिल, भुवयांत भुसा.
"अठरा एमएम. त्याहून पातळ नाही.
नाहीतर फळ्याच गायला लागतात
आणि स्पीकर बसतो ऐकत."
दहा इंची, सीलबंद, वीस लिटर.
वीस लिटर मला सांगू नका.
वीस लिटर म्हणजे गुरुवारची आमटी.
"चुंबकानं खाल्लेली जागा वेगळी धरायची बरं का."
धरते की. शेवग्याच्या शेंगा घालायच्या असल्या
की पाणी कमीच ओतते मी.

सांध्यांत त्यांनी सिलिकॉन भरलं, बोट फिरवलं,
दिव्यासमोर धरून कुठे उजेड येतो का बघितलं.
आत उशीतला कापूस.
"यानं पेटीला वाटतं, आपण आहोत त्याहून मोठ्या आहोत."
असा कापूस माणसांसाठी मिळतो का, विचारलं नाही.
पैसे मोजले. त्यांनी शंभर परत दिले, डब्याबद्दल विचारून.

कुणी विचारत नाही, तरी सांगते.
डेक्कनच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या कानांचा आलेख काढला होता,
डावीकडे सपाट, उजवीकडे एकदम उतार,
चांदणी चौकातून गाडी न्यूट्रलला टाकावी तसा.
तीस वर्षं मिक्सर, एक्झॉस्ट, ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम.
वरचं गेलं.
बुलबुल गेला, सुनेच्या बांगड्या गेल्या,
शिट्ट्या मी आता डोळ्यांनी मोजते.
खालचं सगळं जागच्या जागी आहे.
त्याला मशीन नको, पेटी पुरते.

रात्री साडेदहा. शेवटचा डबा पोचवून
रिकाम्या डब्यांसकट परत येताना
चिन्मयनं आवाज चढवला.
आधी कंबरेला कळलं, मग सीटला,
मग स्टिअरिंगवरच्या अंगठ्यांना,
जळका, पोळलेला, लसणाचा वास न जाणारा अंगठा,
त्यालासुद्धा ताल आला.
कोथरूडच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं
वाकून आत बघितलं. पोरगं असेल वाटलं असणार.
मी पदर सारखा केला.

"आई, मागे एक डबा वाजतोय. किणकिण.
झाकणात फडकं कोंबू का?"

वाजतोय?
मला नाही येत ऐकू.
हिरवा पडला बघ.