अदखलपात्र

साडेनऊला मालिका लागते.
सासूबाई आवाज वाढवतात,
मुलगा गणित अर्ध्यात टाकून येतो.
पाथर्डी फाट्यावरच्या दोन खोल्यांत
मी कणकेच्या हातांनी दारात उभी.

पडद्यावरचा साहेब जीपमधून उतरतो
ती थांबायच्या आधीच.
त्याच्या ठाण्यात फायलींचे गठ्ठे नाहीत,
बाकावर झोपलेलं कुणाचं पोर नाही,
आणि कुणीही, शपथेवर सांगते, कुणीही
कार्बन पेपर शोधत नाही.

आज त्यांचा एक हवालदार पैसे खातो.
खातो तेव्हा व्हायोलिन कुरकुरतं,
चेहऱ्यावर हिरवा उजेड पडतो.
"ह्याचं तोंडच सांगतंय," सासूबाई म्हणतात.
शेवटच्या पाच मिनिटांत
साहेब त्याच्या कानाखाली काढतो
आणि ठाणं स्वच्छ होतं.
एका थपडेत. अख्खं खातं.

मंगळवारी सातपूरच्या कारखान्यातली बाई आली होती.
शेवंता बेंडकुळे, पॅकिंग विभाग.
सुपरवायझरचं नाव, वेळ, कुठल्या यंत्रामागे,
सगळं एका दमात सांगितलं, मग पाणी मागितलं.
मी आत विचारायला गेले.
साहेब डबा खात होते. वाईट माणूस नाही.
दोन रात्री गोदाघाटावर बंदोबस्ताला उभे होते,
पायांतले बूट काढून ठेवलेले.
म्हणाले, "एनसी घ्या, गंगुर्डे. कंपनीशी बोलतो मी."

घेतली.
कुणी पाकीट दिलं नाही.
काही वाजलं नाही. पंखा फिरत होता,
त्र्यंबक रोडवर रिक्षावाले नाक्याची सीट ओरडत होते.
माझं अक्षर चांगलं आहे,
ट्रेनिंगला असताना उस्ताद माझी वही सगळ्यांना दाखवायचे.
त्याच अक्षरात लिहिलं:
फिर्यादीस कोर्टात दाद मागण्याची समज दिली.

तिनं कागदाची घडी केली,
उलगडून वाचला, पुन्हा घडी केली.
"म्हणजे दाखल झालं ना, ताई?"
हो, म्हणाले मी.
कागदावर नंबर होता. शिक्का होता.

जाहिरात लागते. सासूबाई वळून बघतात,
"तुमच्यात असतात का गं असे?"
असे नाही, म्हणते मी,
आणि हातावरची वाळलेली कणीक खरवडत राहते.

मुलाला ती थप्पड परत बघायचीय.
रिमोटनं मागे नेतो.
तोच गाल, तोच आवाज.
अजून एकदा.

तवा धुरकटलाय.
उद्या मला दिवसपाळी.