पासिंगच्या आधी

धुळ्याच्या माणसाने पिकअपभोवती एक चक्कर मारली,
मडगार्डला बोट लावलं, बोट पुसलं,
म्हणाला, अडतीस हजार. भट्टीत भाजून देऊ.
भाकरी आहे का, असं मी म्हणणार होतो.
म्हटलं नाही.
परतताना दोंडाईच्यापर्यंत
मी आणि हिलाल, कुणीच रेडिओ लावला नाही.

नंदुरबारला इस्हाक पेंटरने अठरा सांगितले, कंप्रेसरने.
ब्रशने मारला तर साडेसहा.
"पण मग गाडी लांबूनच बघायची," तो म्हणाला,
"जवळ आलात तर ब्रशचे केस मोजाल."
माझ्याकडे नऊ होते.
नऊ म्हणजे आठ,
कारण मागचा डावा टायर.

उखाजी आबा ओट्यावरून विचारतात रोज,
"गाडी चालस ना? मंग रंग कसाले?"
आबा, गुरुवारी पासिंग आहे,
आणि साहेब इंजिनाआधी पत्रा बघतो,
आपण नाही का, मुलगी बघायला गेल्यावर
आधी घराची भिंत बघत?

प्रणालीला निळा हवा.
तिने मोबाइलमध्ये गाडी निळी करून दाखवली,
खरंच छान दिसत होती,
जणू कुणा दुसऱ्याची.
हिलालला करडा, मळखाऊ.
मी खणातून आरसी काढली.
रंगासमोर एकच शब्द होता: पांढरा.
बदलायचा तर अर्ज, फी, दोन हेलपाटे,
आणि त्या दोन दिवसांचं भाडं बुडालं
म्हणजे एक दरवाजा रंगवायचा राहिला.
प्रणालीने मोबाइल पालथा ठेवला.

पण दुकानात पांढरे अकरा निघाले.
मोतिया, दुधाळ, हस्तिदंती,
एकाचं नाव नुसतं आकडा.
आमचा कुठला, ते इस्हाकने शोधलं:
दाराच्या बिजागरीमागचं रबर सोलून
टिचभर पत्रा दाखवला,
जिथे कधी ऊन पोचलं नाही.
इतकी वर्षं मी ती गाडी पांढरी समजत होतो.

घासायचे दोन हजार वाचावेत म्हणून
रविवारी आम्हीच बसलो, पाणी आणि पॉलिश पेपर घेऊन.
हौद्याच्या सांध्यांतून लाल पाणी आलं.
सहा हंगामांची मिरची,
धुऊन धुऊन गेली असं वाटलेली.
तिघेही शिंकत होतो,
डोळे पुसावेत तर हात तसलेच.
मग फाळक्यावर, पांढऱ्याखालून,
आधी एक वेलांटी वर आली,
मग अर्धा 'द',
मग 'दूध संकलन, शिंद',
पुढचं गंजाने खाल्लेलं.
हिलाल थांबला.
म्हणजे ही आपल्याआधी
पहाटे उठायची.

शेवटी असं ठरलं:
बॉनेट आणि दरवाजे कंप्रेसरने,
कारण साहेब तिथूनच येतो.
बाकी ब्रश.
हौद्याला आतून नुसता रेड ऑक्साइड,
मिरचीला मिरचीचाच रंग, तक्रार कोण करणार?
फाळका घासायचा की नाही
यावर मात्र मत पडेना.
इस्हाक म्हणाला, मी दोन हात देतो,
अक्षरं बुडतील,
उन्हाळ्यात पुन्हा वर आली तर मला बोलवू नका.
सात हजार आठशे.

आता फक्त वारा नको होता.
पथारींवर मिरची पसरलेली,
जरा झुळूक आली की बिया उडतात,
ओल्या रंगावर बसतात, निघत नाहीत.
सोमवारी वारा होता.
मंगळवारी वारा, शिवाय शेजारच्यांचं जागरण.
बुधवारी अंधारात इस्हाक आला,
काचा वर्तमानपत्रांनी झाकल्या,
थिनरपासून वीस पावलं लांब गेला
आणि विडी पेटवली.
आम्ही तिघे विडीकडे बघत उभे.

धूर सरळ वर गेला.
अजून थोडा, लिंबाच्या फांदीपर्यंत सरळ.
"मार," मी म्हटलं, हळूच,
आणि तोंडावर हात धरला,
कारण मला शिंक येत होती.